मांजर केवढें होतें?



माझी अडतीस वर्षें जुन्नर तालुक्यांतील शाळांतून मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत गेलीं. शिकार हा माझा विषय नव्हे. घरांत उंदरांसाठीं पिंजरा लावावयाचा म्हटलें तरी तो शेजारचा मुलगा लावतो, आणि त्यांत सांपडलेला उंदीर माळावर सोडून येतो तोही तोच. असें असतां अमेरिकेंतील मोठ्या रानमांजरांच्या शिकारीवर बोलावयास मी येथें बसलों आहें, याचें कारण एवढेंच कीं, एका हिंवाळ्यांत मीं असें एक मांजर पाहिलें, त्याचें आकारमान चारचौघांत वाटेल तसें सांगितलें, आणि माझ्या त्या संवयीपायीं एका दुसऱ्याच प्राण्याचा जीव जातां जातां राहिला.

माझी मुलगी व जांवईबापू मिनेसोटा राज्यांत असतात. सुपीरियर नांवाच्या प्रचंड सरोवराच्या कांठीं डुलुथ हें शहर आहे. त्याच्या बाहेर, वस्ती संपून रान सुरू होतें अशा ठिकाणीं त्यांचें घर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही उभयतां तेथें पोहोंचलों तेव्हां अंगणांत वीतभर बर्फ पडलेलें होतें. आम्हां जुन्नरकरांना थंडीचें कौतुक कमी नाहीं. पण ती थंडी कौतुकाची नव्हती. बाहेर पडावयाचें म्हणजे अंगावर कपड्यांचे इतके थर चढवावे लागत कीं, दाराशीं जाईपर्यंत कोठें निघालों होतों त्याचा विसर पडे. त्यामुळें माझा मुक्काम बहुतेक स्वयंपाकघराच्या खिडकीशीं.

पांचव्या कीं सहाव्या दिवशीं सकाळीं मी असाच खिडकीशीं उभा होतों. चहाचें आधण चढलेलें होतें. अंगणापलीकडे साठएक पावलांवर देवदारासारख्या झाडांची रांग आहे. तिच्याखालून एक मांजर बाहेर आलें. मांजरच तें, चालणें मांजराचें, पाऊल टाकून थबकण्याची ढब मांजराची. पण गालांवर कल्ल्यांसारखे केंस, कान टोंकदार, अंगाचा रंग तांबूस करडा, पायांवर काळे पट्टे, आणि शेपूट पाहावें तर जेमतेम वीतभर. त्यानें मान वळवून माझ्याकडे पाहिलें. मीं जी आरोळी ठोकली ती ऐकून आमची मंडळी हातांतील उलथन्यासह धांवत आली. तोंपर्यंत मांजर झाडांत शिरलें होतें.

“केवढें होतें?” हिनें विचारलें.

हा प्रश्न त्या एका दिवसांत मला निदान दहा वेळां विचारण्यांत आला. पहिल्या वेळीं मीं हात पसरून दाखविलें तें शेळीएवढें होतें. जांवईबापू जिना उतरून खालीं आले तेव्हां तें बोकडाएवढें झालें. दुपारीं नातू शाळेंतून आला, त्याला मीं सांगितलें कीं, आपल्याकडे बिबट्याची मादी असते ना, तिच्याहून बोटभरच कमी. आणि याबद्दल कोणी शंकाही घेतली नाहीं. जुन्नर तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबटे राहतात, माद्या तेथेंच वितात, आणि तोडणी सुरू झाली म्हणजे फडांत पिलें सांपडतात, हें माझ्या मुलीला लहानपणापासून ठाऊक. मी बिबट्यांच्या मुलखांतला माणूस. मांजराचें माप मला कळणार नाहीं तर कोणाला कळणार?

नातवाच्या तोंडून ही वार्ता शेजारीं गेली. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. लोखंडाचें खनिज वाहून नेणाऱ्या आगगाड्यांवर त्यांची सारी नोकरी झाली. वय पंचाहत्तरीच्या घरांत, आणि या मांजरांच्या शिकारीचा त्यांचा छंद चाळीस वर्षांचा. संध्याकाळीं ते आले ते खिशांत पोलादी फूटपट्टी घालूनच. चहा नको, बसणें नको. मला बरोबर घेऊन विजेच्या बत्तीच्या उजेडांत ते झाडांकडे गेले. बर्फांत पावलें उमटलेलीं होतीं. त्यांनीं वांकून एका पावलावर पट्टी धरली.

“दोन इंच,” ते म्हणाले. “नर असावा. २५ पौंड. फार तर २८.”

२५ पौंड म्हणजे सव्वाअकरा किलो. माझा मोठाच अपमान झाला. मीं माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजींत त्यांना सांगितलें कीं, मीं प्रत्यक्ष बिबटे पाहिलेले आहेत. ते म्हणाले, “मास्तर, मीं बिबट्या कधीं पाहिलेला नाहीं. पण तुमच्याकडेही फूट बाराच इंचांचा असतो ना?”

त्या मांजराचें नांव बॉबकॅट. ‘बॉब’ म्हणजे आंखूड केलेलें. आपल्याकडे शेपूट तुटलेल्या जनावरास बांडें म्हणतात, तसें हें जन्मतःच बांडें मांजर. कानडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोंतील ओआहाका प्रांतापर्यंत तें आढळतें. रान, दलदल, वाळवंट, शहराची कड, कांहींही त्याला चालतें. ससे हें त्याचें मुख्य अन्न. पण हिंवाळ्यांत अन्नाची टंचाई झाली म्हणजे आपल्याहून कितीतरी जड असें हरीणही तें लोळवितें. आणि वजन? नराचें सरासरीनें साडेनऊ किलोंच्या आसपास, मादीचें सात किलोंहून थोडें कमी. नीट तराजूवर घालून मोजलेल्यांत सर्वांत मोठें जें भरलें तें ४९ पौंडांचें, म्हणजे सुमारें २२ किलोंचें. ६० पौंडांच्या गोष्टी पुष्कळ आहेत, परंतु त्या गोष्टी आहेत. माझा नातू त्या वेळीं सात वर्षांचा होता व त्याचें वजन ५१ पौंड होतें. म्हणजे आजवर तराजूवर चढलेलें सर्वांत थोर बॉबकॅटही आमच्या बंड्याहून हलकें!

त्या रात्रीं मला झोंप येईना. मीं बंड्याची वही घेतली आणि हिशेब मांडला. सारें आयुष्य मुलांना घनफळ शिकवून जी गोष्ट माझ्या ध्यानांत यावयास हवी होती, ती तेव्हां आली. एक इंच बाजूचा घन घ्या. बाजू दुप्पट केली तर घनफळ दुप्पट होत नाहीं, आठपट होतें. आणि जनावराचें वजन चालतें तें घनफळाप्रमाणें. १० किलोंचें मांजर सर्व बाजूंनीं दुप्पट केलें तर तें ८० किलोंचें होईल, आणि ८० किलोंचा बिबट्या आमच्याकडेही चांगल्या धिप्पाड नरांत गणला जाईल. सकाळपासून मी “साध्याच्या दुप्पट, दुप्पट” म्हणून जें सांगत सुटलों होतों त्याचा अर्थ हा होता! उलटपक्षीं वजन दुप्पट व्हावयाचें तर लांबी केवळ पावपट वाढली तरी पुरते. सवा गुणिले सवा गुणिले सवा करून पाहा. दोनाला अगदीं थोडेंच कमी पडतें. म्हणजे १० किलोंचें साधें मांजर, आणि ज्याची गोष्ट शिकारी माणूस जन्मभर सांगत राहील असें २० किलोंचें मांजर, या दोहोंच्या लांबींत फरक तो वीतभराचा. साठ पावलांवरून, पांढऱ्या शुभ्र बर्फावर, जेथें शेजारीं ताडून पाहावयास दुसरी वस्तु नाहीं, तेथें ती वीत कोणाच्या डोळ्याला कळणार?

शिवाय हिंवाळ्यांत त्याच्या अंगावर दाट, फुगीर केंस येतात. शेजारच्या गृहस्थांनीं मला आपल्या मित्रमंडळींचीं छायाचित्रेंही दाखविलीं. त्यांत शिकारी मेलेलें मांजर दोन्ही हात लांब करून छायायंत्रापुढें धरतो व स्वतः जरा मागें सरतो. मासे धरणारेही असेंच करतात. मग माणूस लहान व मांजर मोठें कां न दिसावें? आतां तर रानांत झाडाझाडाला आपोआप चित्र घेणारीं यंत्रें बांधलेलीं असतात; त्यांच्या अगदीं पुढ्यांतून गेलेलें पोर मांजरही सिंहासारखें उमटतें. हे गृहस्थ जेथें यंत्र बांधतात तेथें समोर एक खुंटी ठोकतात आणि तिच्यावर फुटाफुटावर तांबड्या रेघा ओढतात. या युक्तीचें मला फार कौतुक वाटलें. माझ्या वर्गाच्या दारावर मुलांची उंची मोजण्यासाठीं मीं अशाच रेघा ओढल्या होत्या.

मात्र, मोठ्या मांजराची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण थापाड्या, असें मानूं नये. अमेरिकेच्या पूर्व भागांतून प्यूमा म्हणजे डोंगरी सिंह नाहींसा झाला असें तज्ज्ञ सांगत; कोणीं तो पाहिल्याचें सांगितलें कीं, बॉबकॅट पाहिलें असेल असें म्हणून लोक हंसत. बहुतेक वेळां तें खरेंही असे. पण २०११ सालच्या जूनमध्यें कनेक्टिकट राज्यांत, न्यूयॉर्कपासून फार दूर नव्हे अशा रस्त्यावर, मोटारीखालीं एक प्राणी मेला तो खरोखरीचा प्यूमा निघाला, १४० पौंडांचा. आनुवंशिक तपासणीवरून ठरलें कीं, तो साउथ डाकोटांतील ब्लॅक हिल्स डोंगरांतला. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन तुडवीत दीड हजार मैलांहून अधिक वाट चालून तो समुद्राजवळ आला होता. वाटेंत ज्यांनीं ज्यांनीं त्याला पाहिलें असेल त्यांच्यावर त्यांच्या घरचीं माणसें खचित हंसलीं असतील.

आणि बॉबकॅटही सगळीकडे एकाच मापाचें नसतें. बर्गमान नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८४७ सालीं एक नियम मांडला: एकाच जातीकुळींतले प्राणी थंड मुलखांत अंगानें मोठे असतात. मघांचाच घन पुन्हां घ्या. तो मोठा केला तर घनफळ जितक्या पटीनें वाढतें तितक्या पटीनें पृष्ठभाग वाढत नाहीं. ऊब राहते ती शरीराच्या आंत आणि निसटते ती पृष्ठभागांतून. तेव्हां मोठें शरीर ऊब धरून ठेवतें. बॉबकॅटला हा नियम बराच लागू पडतो. न्यू इंग्लंडच्या उत्तरेस व पूर्व कानडांत तीं अंगानें सर्वांत मोठीं. म्हणून उत्तरेकडचा शिकारी जेव्हां ३५ किंवा ४० पौंडांच्या नराच्या आशेनें पहाटे उठतो, तेव्हां ती आशा अगदींच वेडेपणाची नसते.

ही शिकार कशासाठीं होते, असें आपण विचाराल. मुख्यतः कातड्यासाठीं. पूर्वीं कांहीं राज्यांत बॉबकॅट मारणाराला सरकारांतून इनाम मिळे. पुढें १९७५ सालीं वन्य प्राण्यांच्या व्यापारासंबंधीं राष्ट्राराष्ट्रांतील करार अमलांत आला, बिबट्या, चित्ता इत्यादि मोठ्या ठिपकेदार मांजरांच्या कातड्यांचा व्यापार बंद पडला, आणि जगांतील केंसाळ कोटांच्या हौशीनें आपली नजर या बांड्या मांजराकडे वळविली. कातड्याचा भाव एकदम चढला. तेव्हां १९७७ सालीं याचेंही नांव त्या करारांत घालण्यांत आलें. तेव्हांपासून परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक कातड्यावर क्रमांकाचा बिल्ला लागतो. सुदैवानें हें जनावर चिवट आहे. १९८१ सालीं अमेरिकेंत त्याची संख्या ७ लक्षांपासून १० लक्षांपर्यंत असावी असा अंदाज होता. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या गणतींत ती २३ लक्षांपासून ३५ लक्षांपर्यंत धरली आहे. तरीहि लोकमत एक नाहीं. कॅलिफोर्नियानें २०१९ सालीं कायदा करून ही शिकार थांबविली. उलट कोलोरॅडोंत २०२४ सालीं बंदीचा ठराव मतास टाकला तेव्हां लोकांनीं तो नाकारला. आमच्या घरांत त्या वेळीं मत घेतलें असतें तर बंदी तीन विरुद्ध एक अशी मंजूर झाली असती, आणि तें एक मत कोणाचें असतें हें सांगावयास मला संकोच वाटतो.

कारण मी शिकारीला गेलों. शेजारच्या गृहस्थांनीं एके दिवशीं सहज विचारलें, येतां कां? मुलगी रागावली. “अण्णा, तुम्ही घरांतली पाल मारूं देत नाहीं, आणि बंदूकवाल्याबरोबर जाणार?” मीं उत्तर दिलें, मी मारावयास जात नाहीं, मोजावयास जातों. उत्तर चांगलें होतें; पण खरें सांगावयाचें तर दोन इंचांचा तो अपमान माझ्या मनांतून गेला नव्हता. ज्याला कोणालाहि नाकारतां येणार नाहीं असें एक दांडगें मांजर मला दाखवावयाचें होतें.

मिनेसोटांत ही शिकार नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या आरंभापर्यंतच करतां येते. पहाटे चारला निघून आम्ही दोन तास उत्तरेकडे, सुपीरियर राष्ट्रीय अरण्याच्या बाजूला गेलों. माझ्या डोक्यावर भडक नारिंगी रंगाची टोपी चढविण्यांत आली. दुसऱ्या शिकाऱ्यानें आपणांस हरीण समजूं नये म्हणून ती घालावयाची. वारा तोंडावर येईल अशा बेतानें एका पडलेल्या झाडाशीं पाठ लावून आम्ही बसलों. मग गृहस्थांनीं खिशांतून पिपाणीसारखी एक वस्तु काढून तोंडाला लावली, आणि तींतून असा आर्त आवाज निघाला कीं माझ्या अंगावर शहारा आला. फांसांत सांपडलेला ससा असाच ओरडतो म्हणे. तो ऐकून कोल्हा-लांडग्याच्या जातीचें जनावर धांवत येतें. मांजर मात्र येतें तें मांजरासारखेंच. दहा पावलें टाकील, बसेल, अंग चाटील, पुन्हां विचार करील. म्हणून तासभर तरी हालचाल करावयाची नाहीं, बोलावयाचें तर मुळींच नाहीं. वर्गांत तासभर गप्प बसा म्हणून ज्यांना मीं छड्या मारल्या त्या सर्व मुलांची मला त्या दिवशीं आठवण झाली.

तास उलटून गेला. बोटें बधिर झालीं होतीं. तेवढ्यांत समोरच्या झुडुपांतून, पन्नासएक पावलांवर, तें बाहेर आलें. केवढें तें! लांबच लांब पाय, मागची बाजू पुढच्याहून उंच, चेहऱ्याभोंवतीं दाढीचा झुपका, कानांवर काळ्या केंसांचे तुरे. आमच्या अंगणांतल्या मांजराचा हा आजोबा शोभला असता. बोलावयाचें नाहीं हें मी विसरलों. “मोठें! बॉबकॅट! दुप्पट!” असें मी कुजबुजलों. बंदूक वर गेली. मीं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

बार झाला नाहीं. मीं डोळे उघडले तेव्हां बंदूक खालीं आलेली होती. जनावर आमच्याकडे पाठ करून संथपणें चाललें होतें. ज्या भुसभुशीत बर्फांत आम्ही गुडघ्यापर्यंत रुतत होतों त्याच्या वरून तें सतरंजीवरून चालावें तसें गेलें. तें दिसेनासें झाल्यावर गृहस्थ उठले, त्याच्या पावलांपाशीं गेले, आणि पट्टी काढून ती माझ्याच हातांत दिली. मीं मोजलें. पाऊल चार इंचांना अगदीं थोडें कमी भरलें.

“लिंक्स,” ते म्हणाले.

परततांना अर्धा तास ते कांहीं बोलले नाहींत. मग गाडीचा वेग कमी करून म्हणाले, “मास्तर, चाळीस वर्षांत मीं आज पहिल्यांदां शेपूट पाहण्याआधीं नेम धरला. तुम्ही मोठें बॉबकॅट म्हणालां, आणि मला मोठें बॉबकॅटच दिसूं लागलें.”

मला तोंड वर करून पाहवेना. लिंक्स हा बॉबकॅटचा सख्खा चुलतभाऊ. अमेरिकेच्या सलग अठ्ठेचाळीस राज्यांत तो थोडा उरला आहे; २००० सालापासून तेथें मध्यवर्ती सरकारच्या कायद्यानें त्याला संरक्षण आहे, आणि ईशान्य मिनेसोटा हें त्याच्या मोजक्या ठिकाणांपैकीं एक. त्या दिवशीं बार झाला असता तर त्या म्हाताऱ्याचा परवाना, बंदूक व चाळीस वर्षांची अब्रू, तिन्ही धोक्यांत आलीं असतीं. आणि तो देखणा प्राणी माझ्या एका शब्दाखातर मेला असता.

मग घरापर्यंत त्यांनीं मला धडा दिला. बॉबकॅटच्या शेपटाचें टोंक वरून काळें व खालून पांढरें असतें. लिंक्सचें टोंक शाईंत बुचकळल्यासारखें चोहोंकडून काळें. लिंक्सचे पंजे ताटल्यांसारखे, बर्फावर चालण्यासाठींच केलेले. बॉबकॅटचे लहान, म्हणून खोल बर्फांत त्याचें चालत नाहीं. लिंक्सच्या कानांवरचे तुरे लांब, बॉबकॅटचे बहुधा दिसतही नाहींत. गंमत अशी कीं, दोघांची वजनें जवळजवळ सारखीं. लिंक्स मोठा भासतो तो लांब पाय आणि केंस यांमुळें. “दांडगें बॉबकॅट दिसलें असें कोणी सांगूं लागला,” ते म्हणाले, “कीं मी आधीं विचारतों, शेपूट पाहिलें का? आज तेवढें स्वतःला विचारावयाचें राहिलें.” थोडें थांबून ते पुन्हां म्हणाले, “शेवटच्या क्षणीं त्यानें पाठ फिरविली म्हणून बरें.”

जो मोठा दिसतो तोच जोरावर असतो असेंही नाहीं. कानडाच्या केप ब्रेटन बेटावर पूर्वीं केवळ लिंक्स होता. १९५५ सालीं बेट व मुख्य भूमि यांना जोडणारा बांध झाला, त्यावरून बॉबकॅट बेटावर शिरलें, आणि लिंक्स हटत हटत खोल बर्फाच्या पठारावर जाऊन राहिला. जेथें दोघांची गांठ पडते तेथें क्वचित् त्यांचा संकरही होतो. मिनेसोटांत असे संकरज प्राणी आनुवंशिक परीक्षेवरून ओळखल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें आहे. त्यांचें शेपूट कोणत्या प्रकारचें समजावें हें मीं गृहस्थांना विचारलें. ते म्हणाले, “अशा वेळीं बंदूक खालीं ठेवावी.”

नाताळाच्या आधीं दोन दिवस त्यांना एक बॉबकॅट मिळालें. मी बरोबर नव्हतों. मला बोलावणें आलें तें त्यांच्या मोटारीच्या खोलींत. मांजर आढ्याला टांगलेल्या तराजूखालीं फळीवर ठेवलें होतें. पोट पांढरें व त्यावर काळे ठिपके, डोळे अर्धवट उघडे. मीं पंजाखालीं माझा तळहात धरला. माझीं बोटें चारी बाजूंनीं बाहेर उरलीं. गृहस्थ म्हणाले, “सांगा, किती?” मीं फार विचार करून, मुद्दाम कमी करून ४० म्हटलें. तराजूनें ३१ पौंड दाखविले, म्हणजे १४ किलो. गेल्या सहा वर्षांत इतकें मोठें त्यांना मिळालें नव्हतें. आमच्या घरीं गव्हाचें पोतें याहून जड येतें. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो लपवावा असें त्यांना वाटत होतें, बहुधा माझ्यासाठीं. मी दोन मिनिटें उभा राहिलों आणि बाहेर आलों. मुलगी त्या दिवशीं त्यांच्या कुंपणाशीं देखील गेली नाहीं.

पुढें तें कातडें वन्य प्राण्यांच्या खात्याच्या माणसाला दाखवून त्यावर बिल्ला लावून घेण्यांत आला. दांत तपासणीसाठीं गेला. झाडाच्या खोडांत जशीं वर्षागणिक वलयें असतात तसे थर दांताच्या मुळाशींही असतात, त्यांवरून वय कळतें. आम्ही परत आल्यावर गृहस्थांचें पत्र आलें कीं, मांजर पांच वर्षांचें होतें. त्याच पत्रांत त्यांनीं खुंटीसमोरून जाणाऱ्या दुसऱ्या एका मांजराचें छायाचित्र पाठविलें आहे, आणि पाठीमागें लिहिलें आहे, ‘मास्तर, हें किती?’ खुंटीवरच्या रेघा मोजून, शेपूट नीट न्याहाळून मीं उत्तर लिहिलें आहे: बॉबकॅट, २४ पौंड.

गांवीं आल्यावर लोक भेटावयास आले. अमेरिकेंत वाघासारखें जनावर पाहिलें म्हणे, असें प्रत्येकानें विचारलें. मीं प्रत्येकाला सांगितलें, वाघ नव्हे, मांजर. वजन ११ किलो. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी निराशा दिसे कीं मला वाईट वाटे. एकानें तर, मग तुम्ही तिकडे जाऊन पाहिलेंत तरी काय, असेंही विचारलें. तो गेल्यावर आमची मंडळी स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि म्हणाली, “तुम्हांला आतां पौंड न् किलो आठवताहेत. पण मी तर साऱ्या आळीला बिबट्या म्हणून सांगून बसलें आहें, त्याचें काय करूं?”